खांदा, खिसा आणि चैत्राचे ऊन

सांवेर हे इंदूर-उज्जैन रस्त्यावरचे, होळकरी मुलखातले तालुक्याचे गाव. दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर इंदूरचे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि उत्तरेला साधारण तेवढ्याच अंतरावर उज्जैनला लागून असलेले भैरवगढ. तिथे ठप्प्याची छपाई आणि बाटिकचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एकीकडे कापडाची पेठ आणि दुसरीकडे कापड छापणारे हात, यांच्या मधोमध राहणाऱ्या बाईने वसंतात काय घालावे हे परदेशी मासिकाला विचारायला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तरी आपण विचारतोच. पुरुषी ढंगाचे कपडे बायकांच्या पोशाखात कसे आणावेत, हा विषय दर वसंतात नव्याने चर्चेला येतो आणि उत्तरही ठरलेले असते: लोकरी ब्लेझर, वर ट्रेंच कोट, खाली बंद बूट. हे उत्तर ज्या वसंतासाठी लिहिलेले आहे त्यात झाडाखाली बर्फ वितळत असतो. आपल्याकडे त्याच दिवसांत गहू कापणीला आलेला असतो.

माळव्याचा वसंत नीट पाहिला की कपड्याचे निम्मे काम होते. मार्चमध्ये इंदूर भागात दुपारचे तापमान सरासरी ३४ अंशांच्या आसपास जाते आणि पहाटेचे १७ अंशांपर्यंत उतरते. एप्रिलमध्ये दुपार ३८ अंशांच्या पुढे सरकते, पण रात्र अजून सुखाची असते. हवा कोरडी, त्यामुळे घाम चटकन वाळतो. ऊन मात्र कातडीला थेट लागते. सकाळी सातच्या बसने सांवेरहून इंदूरला नोकरीला किंवा कॉलेजला निघणारीला अंगावर दुसरा थर हवा असतो, दुपारी बाराला तो उतरवावासा वाटतो आणि दोन वाजता उन्हात चालताना बाह्या झाकणारे काहीतरी पुन्हा लागते. पातळ सुती, पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडा ठेवता येणारा आणि घडी घालून पिशवीत टाकता येणारा कपडा या तिन्ही वेळा सांभाळतो. असा कपडा घराघरात पुरुषाच्या कपाटात टांगलेला असतोच. पुरुषी कपडा वसंतात आणायचा तो ऐट म्हणून आणायला हरकत नाही, पण त्याआधी तो उपयोगाचा म्हणून आणावा.

यात आपण काही धाडस करतो आहोत असेही समजू नये. पॅरिसमध्ये १८०० साली निघालेल्या हुकुमानुसार बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी लागत असे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये, बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलची मूठ असेल तर पँट चालेल, अशी सवलत मिळाली. तो हुकूम रद्दबातल असल्याचे फ्रेंच सरकारने जाहीर केले ते थेट २०१३ मध्ये. आपल्याकडच्या नऊवारीचा काष्टा मात्र धोतराच्याच रीतीने दोन्ही पायांना वेगळा वाव देतो. त्याला आत परकर लागत नाही आणि घोड्यावर मांड टाकता येते. शेतात वाकून काम करणारी आणि लढाईवर निघणारी, दोघी त्याच काष्ट्यात वावरल्या. मोरोपंत तांब्यांची मुलगी, झाशीची राणी लक्ष्मीबाई, जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोट्याच्या सराईला पडली तेव्हा घोडेस्वाराच्या वेशात होती.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली आणि विणकर आणून वसवले. त्या मागांवर नऊवारी लुगडी विणली जात तशीच पुरुषांची पागोटी आणि साफेही. आज ज्याला आपण निव्वळ बायकांचे वस्त्र समजतो त्या महेश्वरीचा हलकेपणा, बारीक चौकडी आणि दोन्ही अंगांनी सारखा दिसणारा काठ या गोष्टी पागोट्याच्या कापडालाही तितक्याच शोभणाऱ्या. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी घरांतल्या बायकांनी साडी नेसण्याचे आणि केस बांधण्याचे धडे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांकडून, म्हणजे नारायणराव राजहंसांकडून घेतले, हे तर जगजाहीर आहे. कपडा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातो तेव्हा काय उचलले जाते, हे पाहायला हवे. फ्रेंच डिझायनर कोको शानेलने १९१६ च्या सुमारास पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड उचलले, कारण ते अंगाबरोबर हलत होते. ईव्ह सँ लोराँने १९६६ मध्ये बायकांसाठी पुरुषी संध्यापोशाख शिवला, तेव्हा त्याने खांद्याची आणि पँटच्या पडण्याची शिस्त घेतली, मिशा-सिगार घेतले नाहीत. कापड आणि बेत, एवढेच उचलण्यासारखे असते.

पुरुषी बेताच्या दोन परंपरा आहेत, आणि त्या दोन्ही इंदूरच्याच एका माणसाच्या अंगावर एकापाठोपाठ एक पाहता येतात. बर्नार बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने इंदूरचे महाराजा दुसरे यशवंतराव होळकर यांची दोन मोठी चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्यापोशाखात, काळा केप घेऊन उभे आहेत, आणि काही वर्षांनंतरच्या चित्रात पांढऱ्या मराठी पोशाखात, डोक्यावर पागोटे घालून बसलेले आहेत. पहिल्या पोशाखाचा सगळा भार खांद्यावर. आत कॅनव्हास, बकरम, अस्तर, आणि कापड अंगापासून किंचित दूर उभे राहते. दुसऱ्यात शिवण कमी, कापड घडीने आणि बांधणीने आकार घेते, त्यामुळे हवा आत खेळते. थंडीच्या देशाने पहिला बेत तयार केला, आपल्या उन्हाने दुसरा. माळव्यातल्या मार्च-एप्रिलसाठी पहिल्यातला फक्त खांदा घ्यावा आणि बाकी सगळे दुसऱ्यातून घ्यावे, असे माझे मत आहे.

खांद्यापासून सुरुवात करू. पुरुषाच्या शर्टाला पाठीवर वरच्या बाजूला दुहेरी कापडाची पट्टी असते, तिला योक म्हणतात. शर्टाचे सगळे वजन ती पेलते. पुढच्या भागाला टक्स नसतात, म्हणून कापड छातीवरून सरळ खाली पडते. मुंढा खोल असतो आणि बटणे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, तर बायकांच्या शर्टाला डाव्या. शर्ट निवडताना खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या टोकापासून एक-दीड इंच खाली आली तर ती ढिलाई शोभते. तीन इंच उतरली तर बाही कोपराशी गोळा होते आणि शर्ट उसना घेतल्यासारखा दिसतो. खांदा लहान करणे हे शिंप्याचे सगळ्यांत खर्चिक काम, कारण त्यासाठी बाही आणि मुंढा दोन्ही उसवावे लागतात. लांबी, बाही, कफ ही मात्र अर्ध्या तासाची कामे. म्हणून खांदा आधी पाहावा आणि मग बाकीचे.

दुसरी अडचण नितंबांची. पुरुषी शर्ट खाली अरुंद असतो. तो अंगभर ओढून शेवटचे बटण लावायचा हट्ट धरू नये. दोन्ही बाजूंना पाच-सहा इंचांच्या चिरा द्याव्यात. छातीशी दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर टक्स घालायला सांगू नये, त्याने शर्टाची पडण्याची तऱ्हाच जाते. फटीच्या जागी आतून एक टिचबटण लावले की भागते.

झिजलेल्या कॉलरचा जुना सुती शर्ट हाताशी असेल तर त्याचे काय करता येते ते जवळून पाहण्यासारखे आहे. शर्ट उलटा करून मांडीवर घ्यावा. कॉलर दोन तुकड्यांची असते: गळ्याला वेढणारी उभी पट्टी आणि तिच्यात वरून खोवलेले दुमडीचे पान. पट्टीच्या वरच्या कडेची शिवण ब्लेडच्या टोकाने दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला कापत जावे आणि मग दोरा ओढावा. तो एका दमात सरकन निघतो. पान हातात येते, आतले बकरम पिवळे पडलेले दिसते. पानाखाली झाकलेल्या पट्टीवर कापडाचा मूळ रंग तसाच असतो. निळ्या शर्टाचा निळा, जो पाठीवर आणि खांद्यावर कधीच विटून गेलेला आहे, तो इथे नव्यासारखा भेटतो. पट्टीच्या उघड्या कडा आत दुमडून सरळ टीप मारावी. आता हा पट्टीगळ्याचा शर्ट झाला. कॉलर गेल्यामुळे मान मोकळी राहते, त्यावर मंगळसूत्र, ठुशी किंवा बोरमाळ ठसठशीत दिसते, आणि जो भाग घामाने आधी कळकट होतो तोच नाहीसा झालेला असतो. बाह्या कापू नयेत. कफ उलगडून दोन रुंद घड्या कोपराच्या खालपर्यंत घ्याव्यात. ऊन चढले की त्याच बाह्या मनगटापर्यंत सोडता येतात.

असा शर्ट परकरावर, लांब स्कर्टवर, सुती सलवारीवर किंवा सहावारीवर ब्लाऊज म्हणून, कुठेही चालतो. साडीवर घालायचा तर तो कमरेत खोचून त्यावर निऱ्या बसवाव्यात आणि साडी पातळ निवडावी. जाड काठाची साडी आणि शर्ट एकत्र आले की कमरेशी कापडाचा ढीग होतो. एका पोशाखात पुरुषी वस्तू एकच असावी, या मताची मी आहे. शर्ट, बंडी, पँट, बूट आणि घड्याळ सगळे एकदम आले की ते सोंग वाटते. शर्ट असेल तर खाली घेर असावा, पँट असेल तर वर चंदेरी किंवा मलमलची ओढणी, केसांत अबोली. एकमेकांपासून दूरच्या दोन वस्तू शेजारी आल्या की दोहोंचा गुण उठून दिसतो.

बंडीची गोष्ट वेगळी आहे. जाकीट म्हणा, बंडी म्हणा, बाह्या नसलेला हा पुरुषी कपडा आपल्या हवेसाठी शर्टाहूनही सोयीचा. पण शिवताना दोनपैकी एक ठरवून घ्यावे लागते. कुर्त्यावर किंवा ब्लाऊजवर घालायची बंडी असेल तर मुंढा एक इंच जास्त खोल हवा, नाहीतर आतली बाही काखेत गोळा होते. तीच बंडी साडीवर ब्लाऊज म्हणून नुसती घालायची असेल तर मुंढा उलट वर घ्यावा लागतो, कारण पुरुषी मुंढा बाईच्या काखेशी उघडा पडतो. चैत्रात दुसरी रीत चांगली, एक थर वाचतो. अस्तर लावायचे तर मलमलचे. उंची कमरेच्या हाडापर्यंतच ठेवावी, आणि पदर बंडीवरून घ्यावा, आतून नव्हे, नाहीतर खांद्याच्या निऱ्या चुरगळतात.

बंडीसाठी महेश्वरी कापड फार देखणे होते. ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत असलेल्या महेश्वरीला वजन जवळजवळ नसते आणि ती थोडी कडक उभी राहते. काठ दोन्हीकडून सारखा असल्यामुळे पुढच्या उघड्या कडेला तोच लावला तर वेगळी पट्टी शिवावी लागत नाही, बंडी उघडी राहिली तरी आतली बाजू उणी दिसत नाही. चटई, वीट, हिरा, नर्मदेची लहर हे महेश्वरी काठांवरचे नेहमीचे नमुने, महेश्वरच्या वास्तूंतून आणि तिथल्या नदीच्या पाण्यातून आलेले. यांतला चटईचा किंवा विटेचा नमुना पुरुषी बेताला शोभतो, कारण त्याला सरळ रेघ आहे. विरलेली, मधे फाटलेली साडी असेल तर ती जरूर कापावी. धड साडीला कात्री लावू नये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी महेश्वरात रेहवा ही विणकरांची संस्था उभी केली नसती तर हे विणकाम आज एवढे तगले असते की नाही, अशी तेव्हा स्थिती होती. ओढण्या, उपरणी आणि वारावर मिळणारे कापड आता सहज मिळते, ते बंडीसाठी घ्यावे.

बाराबंदीकडे मात्र आपले लक्षच गेलेले नाही, याची मला खंत आहे. पुढच्या दोन पाखा एकमेकांवर येऊन बंदांनी बांधला जाणारा हा पांढरा सुती अंगरखा वारकरी आजही घालतात. बटण नाही, काज नाही, बकरम नाही. अंग वाढो की घटो, बंद सैल-घट्ट करता येतो. बाळंतिणीला, पाळीच्या दिवसांत पोट फुगणाऱ्या मुलीला, साठीतल्या बाईला, सगळ्यांना एकच माप वर्षानुवर्षे पुरते. रॅप टॉप नावाने मॉलमध्ये जे महाग विकले जाते त्याचा बेत याहून फारसा निराळा नाही. बायकांसाठी शिवताना वरची पाख चार बोटे जास्त रुंद ठेवावी म्हणजे वाकताना उघडत नाही, आतल्या पाखेचा बंद काखेखालच्या चिरेतून बाहेर काढावा, आणि बंद त्याच कापडाचे, पेन्सिलीएवढे बारीक करावेत. भैरवगढी छापाच्या मलमलची बाराबंदी, खाली साधी पांढरी सलवार: सांवेरच्या बाईला याहून जवळचा, आणि उन्हाला याहून शहाणा पोशाख मला सुचत नाही.

पँटचे एक गुपित सांगण्यासारखे आहे. शिंप्याने शिवलेल्या पुरुषी पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत भरपूर माया सोडलेली असते, पोट सुटले की ती उसवून कंबर वाढवता यावी म्हणून. बायकांच्या तयार पँटमध्ये ही माया सहसा नसते. त्यामुळे पुरुषी पँट घेताना नितंबांच्या मापाने घ्यावी आणि कंबर त्या मागच्या शिवणीतून आत घ्यावी. आसन मात्र शिवायला टाकतानाच मोजून घ्यावे. पुरुषी आसनाची ठेवण वेगळी असते, बसल्यावर ते खेचते.

आणि खिसा. नऊवारीत बाईला कनवट होती. पैसे, किल्ली, तंबाखूची डबी सारे तिथे राहत असे आणि दोन्ही हात मोकळे राहत. गोल साडी, मग सलवार-कमीज, मग तंग पँट आली आणि सामान पर्सवर गेले. पुरुषी कपड्यातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी खिसा घेईन. छातीवरचा नव्हे. त्यात फोन टाकला की शर्ट एका बाजूला ओढला जातो. बाजूच्या शिवणीतला, झब्ब्याला असतो तसा, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढा खोल खिसा हवा. खिशाचे कापड अंगच्या कापडापेक्षा घट्ट विणीचे घ्यावे आणि त्याचे वरचे टोक कमरेच्या शिवणीत पकडून ठेवायला सांगावे म्हणजे वजनाने तो लोंबत नाही. लेडीज टेलर हे सांगितल्याशिवाय करत नाहीत.

किंबहुना पुरुषी बेताचे काम जेंट्स टेलरकडेच द्यावे. कटोरी, प्रिन्सेस कट, फॉल-बीडिंग ही लेडीज टेलरची हातोटी. कॉलर, कफ, योक आणि बटणपट्टी यांचा हात वेगळाच असतो. बायकांची मापे घ्यायला जेंट्स टेलर संकोचतात, तेव्हा अंगावर नीट बसणारा एखादा कपडा नमुन्याला न्यावा आणि त्यावरूनच बेतायला सांगावे. शर्टासाठी ५८ इंच पन्ह्याचे १.६ मीटर किंवा ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड लागते. कापड मुठीत दाबून सोडावे. चुरगळलेलेच राहिले तर ते लिनन किंवा निव्वळ सूत, चटकन सरळ झाले तर त्यात पॉलिस्टर मिसळलेले आहे आणि एप्रिलच्या दुपारी ते अंगाला चिकटेल. ब्लाऊजसाठी ठरलेले टू बाय टू रुबिया शर्टालाही उत्तम चालते, हे पुष्कळ जणींना सुचत नाही. इंदूरच्या गिरण्यांचे कापड मात्र आता मागू नये. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची देणी २०२३ च्या अखेरीस चुकती होऊ लागली. या शहराला कापडाची जी जाण आहे ती मोठ्या प्रमाणात त्या कामगारांच्या घरांतून आलेली आहे, हे विसरू नये.

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा घराघरांतले जुने पांढरे शर्ट बाहेर पडतात. गुलाल-रंगाने माखलेला सुती शर्ट फेकू नये. दोन-तीन धुण्यांनंतर उरलेले डाग फिक्या छापासारखे दिसतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कॉलर काढलेला तो शर्ट पुढचा सगळा चैत्र घरात आणि अंगणात वापरता येतो.

रंगपंचमीनंतर दहा-अकरा दिवसांनी गुढीपाडवा. गिरगाव, डोंबिवली, ठाणे, पुणे इथल्या शोभायात्रांत नऊवारी, फेटा, गॉगल आणि बुलेट हा बायकांचा पोशाख आता रुळला आहे आणि इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलीही फेटा बांधून निघतात. वसंतातला पुरुषी वस्तूचा हा आपला सगळ्यांत मोठा उत्सव, आणि तो कोणा डिझायनरने दिलेला नाही. फेटा बांधून घ्यायचा तर केसांचा अंबाडा मानेवर अगदी खाली बांधावा. वर बांधलेला अंबाडा फेट्याला पुढे ढकलतो आणि तासाभरात तो कपाळावर उतरतो. सुती फेटा धरून राहतो, सॅटिनचा घसरतो. रंग साडीच्या अंगाचा न घेता काठाचा घ्यावा. शेमला पाठीवर मोकळा सोडायचा असेल आणि यात्रेत गाडी चालवायची असेल तर तो खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचावाच, चाकात जाण्याची भीती असते. हेल्मेट फेट्यावर बसत नाही, तेव्हा फेटा यात्रेच्या ठिकाणी पोहोचल्यावर बांधून घ्यावा.

शिवायचे कापड होळीच्या आधी टाकावे. अक्षय्य तृतीयेच्या लग्नांची शिवणे सुरू झाली की शिंपी शर्ट हातात घेत नाहीत. खादी आणि हातमागाचे सूत टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून न्यावे, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. भैरवगढी छाप पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धुवावा, उलटा करून वाळत घालावा आणि इस्त्रीही उलट्या बाजूनेच करावी.